मेघांचा माथा आणि सरावलीचा पाऊस

पीकविम्याच्या कारभारात उपग्रहांच्या निरीक्षणांना उत्तरोत्तर मोठे स्थान मिळत असताना, १७ फेब्रुवारी २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावलेला आणि विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून अहर्निश आपल्याकडे पाहणारा ‘इन्सॅट-३डीएस’ हा उपग्रह डहाणू तालुक्यातील सरावलीसारख्या गावाविषयी नेमके काय जाणतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रत्येक पदार्थ आपल्या तापमानानुसार प्रारण उत्सर्जित करतो. सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमानाच्या भूमीचे उत्सर्जन १० मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त तरंगलांबीवर सर्वाधिक तीव्र असते, आणि सुदैवाने १०.३ ते १२.५ मायक्रॉनच्या पट्ट्यात निरभ्र वातावरण बव्हंशी पारदर्शक असल्याने ते अवकाशापर्यंत पोहोचते. हाच पट्टा दोन भागांत विभागून मोजला की त्यांतील फरकावरून बाष्पाचा परिणाम वजा करता येतो. याउलट ६.५ ते ७.१ मायक्रॉनच्या पट्ट्यात बाष्पच प्रारण शोषून घेते, म्हणून तेथे भूमी दिसत नाही, वातावरणाच्या वरच्या थरांतील आर्द्रता दिसते. ही विद्या खरोखर विलक्षण आहे. मात्र तिने मिळणारे तापमान मातीच्या पृष्ठभागाचे असते, सावलीतील हवेचे नव्हे. वैशाखात उघड्या पडलेल्या भातखाचरांवर या दोहोंत मोठे अंतर पडते. शिवाय औष्णिक अवरक्त चित्राचा एकेक बिंदू सुमारे चार किलोमीटर लांबीरुंदीचा असल्याने खाचर, वाडी, वस्ती व डांबरी रस्ता यांची त्यात सरमिसळ होते.

खरी अडचण पावसाळ्यात येते. दाट ढग अवरक्त प्रारणाला अपारदर्शक असतात, त्यामुळे त्या चार महिन्यांत उपग्रह बहुधा सरावलीचे नव्हे, तर तिच्यावरील मेघांच्या माथ्याचे तापमान मोजतो. माथा जितका थंड तितका ढग उंच आणि पाऊस जोरदार, असे त्यावरून अनुमान केले जाते. पण कोकणात व सह्याद्रीच्या घाटांत कितीतरी पाऊस फारशा उंच नसलेल्या, उबदार माथ्याच्या ढगांतून कोसळतो, आणि केवळ अवरक्त मापनावर विसंबणारे अनुमान त्याला कमी लेखते. ज्या डहाणू भागातील चिकूला भौगोलिक मानांकन लाभले आहे आणि ज्याच्या फळपीक विम्याची भरपाई पाऊस व सापेक्ष आर्द्रता यांच्या नोंदींवर ठरते, त्या भागातील बागायतदाराच्या दृष्टीने ही उणीव क्षुल्लक नाही.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की, महसूल मंडळातील एका स्वयंचलित हवामान केंद्रावर न थांबता शासनाने गावोगावी पर्जन्यमापक व आर्द्रतामापक बसवावेत, त्यांची वेळोवेळी तपासणी करावी, रोजची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवून फलकावर लावावी, आणि तिच्याशी उपग्रहाचे अनुमान जुळत नसेल तेथे विम्याच्या दाव्यासाठी गावातील नोंदच ग्राह्य धरावी.