मावशींचं ताट

मुलुंडमध्ये शनिवार-रविवारच्या संध्याकाळी लहान मुलांचे वाढदिवस ज्या ज्या हॉलांत आणि हॉटेलांत होतात, तिथे भिंतीला टेकून एक तरी बाई उभी असते. खांद्यावर बाळाची पिशवी, कडेवर बाळ. बाळाची आई स्टेजवर फोटोत असते. केक कापून होतो, स्टार्टरचे ट्रे फिरू लागतात आणि वेटर त्या बाईच्या पुढून न थांबता निघून जातो. त्याची चूक नाही, त्याला आधीच तसं सांगून ठेवलेलं असतं. सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत ती बाळाला थोपटत दाराशी बसते. ज्या लेकराला सकाळपासून तिनं घास घास भरवलं, त्याच्या घरच्या समारंभात तिला कुणी घोटभर सरबतसुद्धा विचारत नाही.

मी यजमानांना हे तोंडावर विचारलं आहे. उत्तर ठरलेलं असतं : “मावशींचं घरी होतं हो. त्यांना इथलं आवडत नाही.” हे खोटं आहे. पनीर आणि गुलाबजाम न आवडणारं माणूस या उपनगरात मला तरी भेटलेलं नाही. खरं कारण असं की हॉलवाला हिशेब ‘पर प्लेट’ लावतो आणि मावशी धरली तर एक प्लेट वाढते. यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. हॉलवाला किमान पन्नास-साठ ताटांची हमी आधीच घेतो. पन्नास सांगितली आणि बेचाळीस माणसं आली, तरी पैसे पन्नासांचेच मोजावे लागतात. म्हणजे आठ ताटांचे पैसे भरलेले आहेत, अन्न शिजलेलं आहे, खाणारं कुणी नाही, आणि तरीही दाराशी बसलेल्या बाईला कुणी ‘या, जेवून घ्या’ म्हणत नाही. तेव्हा पैशाचं कारण सांगू नका. तिच्या हातात आपल्यासारखंच ताट आलेलं आपल्याला बघवत नाही, एवढंच कारण उरतं.

याच लोकांना हक्कांची जाणीव नाही असं कुणी म्हणू नये. बिलात सेवाशुल्क दिसलं की काउंटरवर किती जोरात भांडतात! ते भांडण रास्तच आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये सेवाशुल्काची सक्ती चुकीची ठरवली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. आपल्या खिशातून बेकायदा एक रुपया जाऊ नये, यासाठी मॅनेजरला मोबाइलवर निकाल काढून दाखवणारा माणूस पाच पावलांवर उपाशी उभ्या असलेल्या बाईकडे बघतसुद्धा नाही.

आणि मुलं? ती सगळं बघत असतात. निमंत्रणाच्या यादीत वर्गातली मुलं असतात, ‘टॉवर बी’मधली असतात, बाबांच्या साहेबांची असतात. रोज संध्याकाळी कंपाउंडमध्ये ज्याच्याबरोबर लपंडाव चालतो, तो वॉचमनचा मुलगा नसतो. सहा वर्षांच्या पोराला हे कळतं. तो एकदा विचारतो, “त्याला का नाही बोलवायचं?” त्याला काहीतरी सांगून गप्प केलं जातं आणि पुढच्या वर्षी तो विचारत नाही. जातपात आम्ही मानत नाही, असं सांगणाऱ्या घरांमध्ये मुलांना पंगतीतून माणूस वगळायला असं शिकवलं जातं, तेही त्याच मुलाच्या वाढदिवसाला.

पूर्वी वाढदिवसाला आपल्याकडे पाट मांडायचे, भोवती रांगोळी काढायची, आई-आजी निरांजनानं ओवाळायची, सुपारी आणि सोन्याची अंगठी मुलावरून फिरवायची. मग शिरा किंवा खीर आणि बिल्डिंगमध्ये दारोदार एकेक वाटी. त्या वाटीचं मला अप्रूप आहे, कारण ती मोजून जात नव्हती. खालच्या मजल्यावरच्या भांडखोर काकूंकडे जायची, भांडी घासणाऱ्या बाईंकडे जायची, जिन्याखाली झोपणाऱ्या गुरख्याकडेही जायची. आज औक्षण सकाळी स्कूलबसच्या आधी दोन मिनिटांत उरकतं, फोटोपुरतं. ओवाळणारी आजी संध्याकाळी हॉलच्या कोपऱ्यात, स्पीकरच्या अगदी शेजारी, कानावर पदर दाबून बसलेली असते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. घरी वाढदिवस म्हणजे घरातल्या बाईनं दोन दिवस राबायचं. पुऱ्या तीच लाटणार, बटाटेवडे तीच तळणार आणि सगळे गेल्यावर ओटाही तीच पुसणार. पुरुष फुगे फुगवून दमणार. हे सगळं खरं आहे आणि जुने दिवस आठवून उसासे टाकणारे बहुतेक पुरुष कधी कढईसमोर उभेच राहिलेले नव्हते. म्हणून स्पष्ट सांगते : नोकरी करून लोकलनं लोंबकळत घरी येणाऱ्या बाईला रविवारी बाहेर जेवायचं असेल तर तिनं खुशाल जावं, दर रविवारी जावं. मुलुंडमध्ये उडप्यांची हॉटेलं आहेत, गुजराती थाळी आहे, झवेर रोडच्या बाजूला खाऊगल्ली आहे. माझा राग तिच्यावर नाही. पण बाईचे कष्ट वाचवायला हॉल घेतला, हे बहुतेक वेळा खरंही नसतं. थीम ठरवणं, डेकोरेशनवाल्याशी घासाघीस, रिटर्न गिफ्टच्या पिशव्या, कुणाला बोलावलं नाही तर कोण रुसेल याची चिंता, सगळं तिच्याच डोक्यावर. शिवाय ऑफिसातून अर्धा दिवस रजा. कष्ट गेले नाहीत, फक्त त्यांना एक बिल जोडलं गेलं. बायका चालवतात अशी पोळी-भाजी केंद्रं मुलुंड पूर्वेला गल्लोगल्ली आहेत. पन्नास माणसांचे वडे, पुऱ्या, शिरा तिथून आणा, वाढायचं काम घरातल्या पुरुषांना द्या, भांडी घासणाऱ्या बाईंना त्या दिवसाचे वेगळे पैसे द्या आणि पहिल्या पंगतीला बसवा. यात कुणाचे कष्ट वाढतात, ते मला दाखवून द्या.

आता उरलेल्या अन्नाचं बघू. बुफेतलं उरलेलं बांधून देत नाही, असं बऱ्याच हॉलांत स्पष्ट सांगतात आणि आपणही आग्रह धरत नाही, कारण डबा मागणं कमीपणाचं वाटतं. मुलांची ताटं तर बघवत नाहीत : अर्धा पास्ता, एक घास खाल्लेला पिझ्झा, केकचा निळा-गुलाबी लगदा. हे सगळं कागदी रुमाल, चमचे आणि फुग्यांच्या चिंध्यांसकट एकाच काळ्या पिशवीत भरून मागच्या दारानं बाहेर जातं.

मुंबईत बाकी कुणी हे केलं तर मी एकवेळ गप्प बसेन. मुलुंडकरानं करू नये. मुलुंड पूर्वेला हरिओम नगरजवळ 24 हेक्टरांचं डम्पिंग ग्राउंड साठच्या दशकाच्या अखेरीपासून या शहराचं उष्टं-खरकटं गिळत होतं. सुमारे 70 लाख टन कचऱ्याचा डोंगर तिथे झाला. पूर्वेच्या लोकांनी खिडक्या लावून संसार केले, पावसाळ्यात वास आणि उन्हाळ्यात आगींचा धूर सोसला. मुलांचे खोकले थांबत नव्हते. पाहुणे आले की आधी माफी मागायची आणि मग चहा टाकायचा. मोर्चे निघाले, न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं आणि ऑक्टोबर 2018 मध्ये ते डम्पिंग एकदाचं बंद झालं. जुना कचरा उपसून जमीन मोकळी करण्याचं कंत्राट त्याच वर्षी दिलं गेलं आणि त्याच्या मुदती पुढे पुढे ढकलत गेल्या. म्हणजे आपल्या आजोबांच्या काळातल्या जेवणावळींचं खरकटं आपण अजून उपसतो आहोत.

ओला कचरा सुक्यात मिसळून फेकला की तो हवा न मिळता सडतो, त्यातून मिथेन निघतो, मिथेन पेट घेतो आणि डोंगर दिवसेंदिवस धुमसत राहतो. हे विज्ञान मुलुंडला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. मग आता काय वेगळं झालं? मुंबईचा बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो. मुलुंडहून तीन स्टेशनं : नाहूर, भांडुप, कांजूर. आज कांजूरशेजारच्या कन्नमवार नगरातली माणसं खिडक्या लावून बसतात आणि वाऱ्याची दिशा फिरली की वास आपल्याकडेही पोहोचतो. आपण लढून जिंकलो आणि तीच शिक्षा तीन स्टेशनं पलीकडच्या मुलांना दिली. वाढदिवसाचा ओला कचरा वेगळा काढायला दोन पिंपं लागतात, बाकी काही नाही.

कायदे नाहीत असंही नाही. 1 जुलै 2022 पासून देशभर फुग्यांना लावायच्या प्लॅस्टिकच्या काड्या, सजावटीचा थर्मोकोल, प्लॅस्टिकची ताटं, पेले, चमचे यांवर बंदी आहे. महाराष्ट्रानं तर 2018 मध्येच बंदी आणली होती. विनापरवाना जागी शंभरांहून अधिक लोकांचा समारंभ करायचा असेल, तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवून कचरा जागेवरच वेगळा करण्याची हमी द्यावी, असं 2016 च्या घनकचरा नियमांनी सांगितलं. पोडियमवर होणाऱ्या दीडशे माणसांच्या वाढदिवसाआधी असं पत्र महापालिकेच्या टी वॉर्डात नेऊन देणारा एक तरी बाप कुणी पाहिला असेल, तर मला त्याला भेटायचं आहे.

आगीबद्दल बोलायलाच हवं. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री कमला मिल्समध्ये 14 माणसं गेली. त्यांत स्वतःचा वाढदिवस साजरा करायला आलेली एक तरुणी होती. मार्च 2021 मध्ये आपल्या शेजारी, भांडुपच्या ड्रीम्स मॉलला आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या हॉस्पिटलातले रुग्ण दगावले. या दोन्ही वेळी मुलुंड हळहळलं. तरीही एकच जिना असलेल्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, दाराला फुग्यांची कमान बांधून, आत ठिणग्यांची कारंजी उडवून, चाळीस मुलांना आपण नाचवतो. काही फुगेवाले हेलियम महाग पडतो म्हणून हायड्रोजन भरतात आणि हायड्रोजन ठिणगीला पेटतो. हॉल ठरवताना मेनूची चव घ्यायला दोनदा जाणारे आईवडील दुसरा जिना कुठे आहे, हे एकदाही विचारत नाहीत. विचारा. उत्तर मिळालं नाही तर दिलेली आगाऊ रक्कम सोडून निघून या.

‘घराजवळ दुसरं आहे तरी काय?’ असं विचारणाऱ्यांची मला चीड येते. एके काळी मुलुंडच्या कुटुंबांचा रविवार एलबीएस रोडवरच्या निर्मल लाइफस्टाइलमध्ये जात असे. तो मॉल बंद पडला आणि रविवारचं काय करायचं हेच लोकांना कळेना. म्हणून ते दुसऱ्या मॉलात गेले. याच मुलुंडच्या पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत, जवळजवळ 104 चौरस किलोमीटरचं जंगल, ज्यातला बिबट्या अधूनमधून आपल्या सोसायटीच्या कुंपणापर्यंत येतो. पूर्वेला ठाण्याची खाडी. 2015 मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 मध्ये ती रामसर पाणथळ म्हणून नोंदली गेली. हिवाळ्यात भांडुपच्या पंपिंग स्टेशनच्या बाजूला गुलाबी पक्ष्यांचे थवे उतरतात. दहा वर्षांच्या किती मुलुंडकर मुलांनी ते पाहिलेत? तीच मुलं रविवारी हॉटेलाबाहेर टोकन घेऊन फुटपाथवर तासभर बसलेली मात्र हमखास दिसतात, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. महाकवी कालिदास नाट्यमंदिरात सुट्टीत बालनाट्यं लागतात. वर्गातल्या दहा मुलांना, वॉचमनच्या मुलाला आणि मावशींना घेऊन नाटक पाहा, मध्यंतरात बटाटावडा खा. तो वाढदिवस मुलं विसरणार नाहीत. मुलुंड पूर्वेला रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरांच्या, चिंतामणराव देशमुखांच्या नावाची बाग आहे, तिथे मुलांना फक्त धावू द्या.

महापालिकेकडेही माझं मागणं आहे : हिवाळ्यात दर रविवारी सकाळी मुलुंड स्टेशनहून खाडीपर्यंत एक बस, तिथे स्वच्छ स्वच्छतागृह आणि पक्ष्यांची माहिती देणारा एक माणूस. जिथे डोंगराखालून गोरेगावपर्यंत जुळे बोगदे खणले जात आहेत, तिथे एवढी बस जड नाही.

पण सुरुवात सोसायट्यांनी करायची आहे. येत्या सर्वसाधारण सभेत ठराव करा : वाढदिवसासाठी क्लब हाऊस देताना घरकामाच्या बायका, मुलं सांभाळणाऱ्या मावशी, वॉचमन आणि त्यांची मुलं पाहुण्यांच्या आकड्यात लेखी धरलेली असतील, थर्मोकोल आणि प्लॅस्टिक गेटच्या आत येणार नाही, ओला कचरा सोसायटीच्याच खतखड्ड्यात जाईल, दुसऱ्या जिन्यासमोर काहीही मांडलं जाणार नाही. यातली एक अट मोडली तरी अनामत रक्कम परत नाही. आणि ज्या सोसायटीला एवढं जमणार नसेल, तिनं कांजूरच्या वासाबद्दल महापालिकेला तक्रारीचं पत्र पाठवू नये.