फुकटची बोट

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्याने काढली, त्याने कधीतरी शिडाची जुनी बोट घेतली असणार अशी माझी पक्की खात्री आहे. इकडे सिअ‍ॅटलच्या आसपास उन्हाळा तोंडावर आला की जाहिराती दिसायला लागतात. 'तीस फुटी, १९७४ची, थोडं काम आहे, फुकट, घेऊन जा.' आयुष्यातला सगळ्यात मोठा समुद्रप्रवास म्हणजे गेटवे ते मांडवा, अशा आमच्यासारख्यांच्या तोंडाला मग पाणी सुटतं!

तर मंडळी, माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचे कष्ट नकोत :) नवशिक्यांनी जुनी बोट जरूर घ्यावी. पण आज, आहे त्या स्थितीत पाण्यावर नेता येईल अशीच घ्यावी. 'आधी दोन वर्षं नीट दुरुस्त करू, मग शिकू' हा बेत करू नये. आणि फुकटची तर मुळीच घेऊ नये.

आधी हे बघू की एवढ्या जुन्या बोटी उरल्याच कशा. कारण साधं आहे: फायबरग्लास कुजत नाही. १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये पिअर्सन ट्रायटन ही २८ फुटी बोट आली, लोकांनी ती उचलून धरली आणि पुढच्या वीस वर्षांत अमेरिकेत अशा बोटींचा पूर आला. त्या काळातल्या बऱ्याच बोटींची कवचं चांगली जाड आहेत, पन्नास वर्षांनंतरही ठणठणीत. भानगड अशी की कवचाला जे जे जोडलंय, ते ठणठणीत नसतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर चालू आहे, पण त्यावरची प्रत्येक गोष्ट एन्ड ऑफ लाइफ!

उदाहरणार्थ डेक. वरून एकसंध दिसतो, पण बहुतेक बोटींत तो सँडविच असतो. वर-खाली फायबरग्लास आणि मध्ये बाल्सा नावाचं हलकं लाकूड. कठड्याचे, कप्प्यांचे स्क्रू या सँडविचमधून आरपार जातात. त्यांच्याभोवतीचं सीलंट दहा-पंधरा वर्षांत वाळतं, पाणी हळूहळू आत झिरपतं आणि लाकडाचा लगदा होतो. बाहेरून काही कळत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं: चांगल्या जागी 'टक' असा आवाज येतो, कुजलेल्या जागी 'धप्'. एक-दोन ठिकाणी धप् असेल तर ठीक. सगळीकडेच असेल तर वरचा थर कापा, लगदा खरवडून काढा, वाळवा, नवा गाभा बसवा, इपॉक्सी आणि काच-कापड लावा, घासा, रंगवा. कामाची यादी एका ओळीत मावते, काम एका उन्हाळ्यात मावत नाही.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टेनलेसच्या वायर घ्या. स्टेनलेस म्हणजे गंजत नाही हा आपला स्वयंपाकघरातला समज. डेकमधून खाली जाणाऱ्या पट्ट्यांभोवती ओल साचते, तिथे हवा पोचत नाही आणि नेमक्या त्याच जागी, जिथे डोळ्यांना दिसत नाही तिथे, स्टेनलेसला चिरा पडतात. त्यातली एक पट्टी तुटली की डोलकाठी आडवी.

आणि पाण्याखालची भोकं! बेसिन, संडास, इंजिनाचं पाणी यांच्यासाठी बोटीच्या तळाला भोकं असतात, प्रत्येकावर एक व्हॉल्व्ह. तो काशाचा हवा. कोणी स्वस्तातला पितळी बसवला असेल तर खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं, धातू गुलाबीसर दिसायला लागतो आणि एक दिवस हातात तुकडा येतो. इंजिनीअरिंगला टॉरिसेली शिकलो होतो, तो आता कामाला येतोय: दोन फूट पाण्याखाली इंचभर व्यासाचं भोक म्हणजे मिनिटाला साधारण ६० ते १०० लिटर पाणी आत. बादली घेऊन किती वेळ पुरे पडणार ते तुम्हीच ठरवा.

यातलं काहीच अशक्य नाही, हे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. लोक करतात, उत्तम करतात. माझा आक्षेप कॅलेंडरवर आहे. इपॉक्सी आणि रंग दोघांनाही कोरडी, उबदार हवा लागते. ती इथे मिळते जुलै ते सप्टेंबर. शीड शिकायलाही नवशिक्याला तेच दिवस बरे, कारण वारा सौम्य असतो. म्हणजे दुरुस्तीचा प्रत्येक शनिवार हा शिकायच्या शनिवारातूनच वजा होतो. नोकरी, लग्नकार्यं, भारतवारी वगळून वर्षाला असे दहा-बारा शनिवार हाती लागतात. वर धक्क्याचं भाडं. फुटामागे महिन्याला १५ डॉलर धरले तरी तीस फुटी बोटीचे वर्षाला ५,४०० होतात, बोट हलो वा न हलो.

जोएल स्पोल्स्कीने २००० साली नेटस्केपवर एक लेख लिहिला होता. चालणारा जुना कोड फेकून पहिल्यापासून लिहायला घेणं ही कंपनी करू शकते त्यातली सगळ्यात वाईट चूक, असा त्याचा सूर होता. बोटीचंही तेच. सगळं उघडून ठेवलेली बोट म्हणजे बिल्ड न होणारा कोड. उलट पाण्यावर चालणारी बोट आपली आपण बग रिपोर्ट देते. कुठली दोरी अडकते, कुठे गळतं, काय बदलायला हवं आणि काय नुसतं कुरूप आहे, हे चार वेळा फिरून आल्यावर कळतं. नवशिक्याला हा फरक धक्क्यावर उभं राहून कळत नाही, म्हणून तो आधी गाद्यांची कापडं बदलतो :)

आता दुसऱ्या बाजूचंही म्हणणं. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्यांची 'म्हादेई' गोव्यात बांधली जात असताना ते त्या कामात पहिल्यापासून होते. ज्याला बोटीचा बोल्ट न् बोल्ट माहीत, तोच समुद्रात निभावतो, हा मुद्दा मला शंभर टक्के मान्य. पण दोंदे नौदलातले खलाशी होते, समुद्र काय मागतो ते त्यांना ठाऊक होतं. उलट टोकाचं उदाहरण तान्या एबीचं. १९८५ साली अठराव्या वर्षी, जेमतेम अनुभवावर ती न्यूयॉर्कहून २६ फुटी बोट घेऊन निघाली आणि १९८७ मध्ये जगाला वळसा घालून परत आली. ती शिकली ती शीड वापरत, वाटेवर. प्रत्येकाने असं करावं असं मी म्हणत नाहीये (आई वाचत असेल तर, नाही, मी जात नाहीये). पण बोटीवर फिरण्याला पर्याय नाही, एवढं त्यातून दिसतं.

न झालेल्या दुरुस्त्यांचं पुढे काय होतं? बोट कुजत नाही, म्हणून ती मरतही नाही. एकाकडून दुसऱ्याकडे फुकट जात राहते आणि एक दिवस खाडीत बुडते. वॉशिंग्टन राज्याला २००२ साली अशा बेवारस बोटी काढण्यासाठी कायदा करावा लागला आणि २०१४पासून, बुडायच्या आधीच मालकाने छोटी बोट सरकारच्या हवाली करायची सोय करावी लागली. 'फुकट, घेऊन जा' या जाहिरातीमागे पुष्कळदा तोडायच्या खर्चातून सुटका हवी असते. तो खर्च आपण स्वीकारतोय, हे कुणी सांगत नाही.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आम्हा तीन मित्रांत सध्या हाच वाद पेटलाय. एका बाजूला ती फुकटची तीस फुटी. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन अर्धा डेक ठोकून आलोय, धप् जास्त, टक कमी. दुसरीकडे तीन हजारांची कॅटॅलिना २२, ज्या मॉडेलच्या १५ हजारांहून जास्त बोटी बनल्या, त्यामुळे सुटे भाग अजून सहज मिळतात. शीड मळकं आहे, केबिनमध्ये ताठ उभं राहता येत नाही, पण मालक त्याच रविवारी आम्हाला फिरवून आणायला तयार होता. दोघा मित्रांना तीस फुटी हवी आहे, कारण 'एकदाच काय ते करू'. त्यातल्या एकाकडे नोव्हेंबरात पाळणा हलणार आहे, तरी त्याचा हिशोब बदललेला नाही. कॉलेजपासूनची मैत्री आहे. ती तीन वर्षांच्या घासकामावर आणि 'गेल्या वेळी तू आला नव्हतास'वर लावायची माझी तयारी नाही.

म्हणून माझ्या अटी लेखी देतोय. बावीस फुटी घेऊ. काहीशे डॉलर देऊन स्वतंत्र सर्व्हेअर बोलवू, बोट पाण्याबाहेर काढून तपासू. व्हॉल्व्ह, वायर आणि कील वर ओढणारी केबल ही तीन कामं आधी, रंग सगळ्यात शेवटी. तोवर लेक युनियनवर सेंटर फॉर वुडन बोट्समध्ये तिघांनी शिकवणी लावायची. दोन उन्हाळ्यांनी तीस फुटीची हौस शिल्लक असेल, तर पहिला हिस्सा माझा.

उत्तर शुक्रवारपर्यंत द्या रे. कॅटॅलिनावाल्याकडे अजून एक गिऱ्हाईक आहे.