मांडीएवढी गोधडी

"आई, राहू दे गं ते, दुकानातून आणून देते मी." शारजात लेकीकडे राहायला आल्यापासून माझ्या हातात सुई दिसली की हे वाक्य ठरलेले. म्हाताऱ्या माणसावरची माया आपल्याकडे बहुधा अशीच दाखवतात: त्याच्या हातातले काम काढून घ्यायचे. वॉर्डात इतकी वर्षे काढल्यावर मी एवढे सांगू शकते की, ज्या पेशंटला घरचे लोक पाण्याचा पेलाही उचलू देत नसत, त्याची बोटे सर्वांत आधी आखडत. म्हणून या वेळी रक्तदाब आणि साखर थोडी बाजूला ठेवून गोधडीबद्दल लिहिते.

आपल्या आजीची गोधडी आता आपल्याला झेपायची नाही, हे मात्र आधी कबूल करू. जुन्या लुगड्यांचे थर जमिनीवर अंथरायचे आणि कडेने धावदोरा घालत, सरकत सरकत आत यायचे. त्याला गुडघे लागतात, आणि ते आपण कोकणात आणि मुंबईच्या जिन्यांवर खर्च करून आलो. मला सोयीची वाटली ती अमेरिकेतल्या बायकांची 'लॉग केबिन' पद्धत. ओंडक्यांच्या घरावरून हे नाव पडले. मध्ये एक लहान चौकोन असतो. तो घरातली चूल म्हणून बहुधा लाल ठेवतात. त्याच्याभोवती भिंत रचावी तशा पट्ट्या जोडत जायच्या, दोन बाजू फिक्या आणि दोन गडद. प्रत्येक चौकोन वेगळा होतो, तो मांडीवर मावतो, आणि खुर्चीत पाठ टेकून शिवता येतो.

माझे माप देते. मधला चौकोन अडीच इंचांचा, पट्ट्या दीड इंच रुंद, शिवणीत दोन्हीकडून पाव-पाव इंच जातो. तीन फेऱ्या, म्हणजे बारा पट्ट्या घातल्या की ८ इंचांचा चौकोन तयार होतो. असे ३० चौकोन पाच बाय सहा जोडले की ४० बाय ४८ इंच. एवढीच करा. एसीच्या गारठ्यात गुडघ्यांवर घ्यायला ती पुरते, आणि उठताना पायात अडकत नाही. लांबलचक पांघरुणात पाय गुंतून मांडीचे हाड मोडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. दिवसाला तीन-चार पट्ट्याच जोडायच्या. साडेतीन-चार महिने लागतील. आपल्याला कुठे गाडी पकडायची आहे?

आता रंगांविषयी. नातीने मोबाइलवर 'वसंताचे रंग' म्हणून फिकट गुलाबी, जांभळट, आकाशी असे दाखवले. दिसायला गोड, पण आपल्या डोळ्यांना वैरी. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळसर होते. मग आकाशी आणि फिका हिरवा एकच वाटतात, जांभळट रंग राखाडी दिसतो. मोतीबिंदू काढलेल्यांना विचारा, दुसऱ्या दिवशी निळा रंग बघून दचकतात. शिवाय तो वसंत थंड मुलखातला. आपल्या अलिबाग-पेणकडचा वसंत कधी फिका होता? आंब्याची तांबूस पालवी, पांगाऱ्याचा लाल, बहाव्याचा पिवळा, कडुनिंबाचा पोपटी. हेच रंग घ्या. फिक्या बाजूला पिवळा-पोपटी, गडद बाजूला तांबूस, मध्ये पांगारा. एकापासून दुसरा चटकन ओळखू येतो आणि शिवण वाकडी जात नाही. दोरा मात्र कापडाहून वेगळ्या रंगाचा वापरा. टाके दिसले तर दिसू देत.

चिंध्या विकत घ्यायच्या नाहीत. पेसाखच्या आधी कपाटे उपसतो तेव्हा निघतात त्या पुरतात. इथे रोला भागातल्या एका शिंप्याने मला पिशवीभर कातरण फुकट दिले. (रोला म्हणजे वड. ज्या झाडावरून त्या भागाला नाव पडले, ते १९७८ साली पडले.) शिंप्याच्या कातरणात एक गोष्ट मात्र तपासा. इथे उन्हामुळे लिननचे शर्ट फार, आणि सुटाचे कापड लोकरीचे असू शकते. लोकर आणि लिनन एकत्र शिवायला तोरात मनाई आहे, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना अंगावरच्या कपड्यांपुरते आठवते, गोधडी शिवताना विसरते. सरळ सुती घ्या. धुवायलाही बरे.

आता माझ्या पेशातले. मधुमेहामुळे बोटे बधिर असतील तर सुई टोचलेली कळत नाही. अंगुस्तान घाला आणि उठताना बोटे डोळ्यांनी तपासा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तेच. ऑपरेशन थिएटरमध्ये आम्ही सुया आणि बोळे आधी मोजत असू, नंतरही मोजत असू, आणि आकडा जुळल्याशिवाय पुढे जाऊ देत नसू. घरीही तसेच करा. एका मधुमेही बाईंच्या सुजलेल्या पायात एक्स-रेवर सुईचा तुकडा दिसला होता. कधी गेला, त्यांना पत्ता नव्हता. मी सकाळी नातीकडून सहा सुया ओवून घेते आणि संध्याकाळी सहा परत डबीत मोजते. शुक्रवारी दिवे लावायच्या बऱ्याच आधी डबी बंद होते. शब्बाथला शिवण नाही, आणि अंगठ्याच्या सांध्याला तो दिवस फार मानवतो.

दर वीस मिनिटांनी खिडकीतून लांब पाहा. अर्ध्या तासाने उठून घरात एक फेरी मारा. पट्ट्या कापण्याचे काम मात्र घरातल्या तरुणांना द्या. कात्रीने अंगठा दुखतो.

यामुळे विसराळूपणा टळतो असे मी लिहिणार नाही. असे छातीठोक सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. गोधडीपायी कोणी गोळी चुकवली तर मी त्याच्यावर रागवेन. मला माझ्यापुरते माहीत आहे ते असे: हे गेल्यानंतर दुपारी चार ते सात ही वेळ मला खायला उठत असे. आता त्या वेळी पुढची पट्टी फिकी की गडद, हा हिशेब असतो.

शेजारच्या केरळी आजींना कंपवात आहे, सुई धरवत नाही. त्या येऊन चिंध्यांचे दोन ढीग लावतात, फिके आणि गडद. आमचे बोलणे मोडक्या हिंदीत चालते. परवा त्यांनी माझा अकरावा चौकोन उचलला, एका पट्टीवर बोट ठेवले आणि "उलटा" म्हणाल्या. बरोबर होते त्यांचे. उसवला.