आलेखातलं वर्तुळ चपटं का दिसतं?



हल्ली बऱ्याच शाळांत टीव्ही किंवा प्रोजेक्टर आलाय. फळ्यावर चौकटी आखत बसण्यापेक्षा सॉफ्टवेअर उघडून आलेख दाखवणं सोपं जातं, आणि ते चांगलंच आहे. पण तिथे एक गोष्ट सॉफ्टवेअर आपल्याला न विचारताच ठरवतं. एक्स-अक्षावरचं १ एकक आणि वाय-अक्षावरचं १ एकक पडद्यावर सारख्या लांबीचं दाखवायचं की नाही? हा झाला आस्पेक्ट रेशोचा प्रश्न. दिसायला छोटा आहे, पण वर्गात त्याचा परिणाम मोठा होतो.

समजा, दोन्ही अक्ष −१० ते १० घेतले आणि सॉफ्टवेअरनं ते १६:९ च्या पूर्ण पडद्यावर ताणून बसवले. मग होतं काय बघा. त्रिज्या ५ असलेलं वर्तुळ उंचीच्या पावणेदोन पटीहून जास्त रुंद दिसतं, म्हणजे चक्क अंडाकृती. वाय = एक्स ही रेषा ४५ अंशांऐवजी साधारण २९ अंशांवर झुकते. तिला लंब असलेली वाय = −एक्स ही रेषा काढली, तर दोघींमधला काटकोन जाऊन तिथे सुमारे ५९ अंशांचा कोन दिसतो. गणित बरोबरच असतं, चित्र मात्र वेगळंच सांगतं.

मोठी माणसं अक्षावरचे आकडे वाचून सांभाळून घेतात. पण ज्या मुलानं नुकतंच कोनमापक लावून काटकोन मोजलाय, त्यानं काय करायचं? आपण म्हणतो ‘लंब’, त्याला दिसतं तिरकं. ते विचारत नाही, गप्प बसतं. गणित डोळ्याला दिसतं त्यापेक्षा काहीतरी वेगळंच असतं, असा समज तिथे रुजतो. तो नंतर काढणं अवघड असतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : दोन्ही अक्षांवर नुसत्या संख्या असतील, तर सॉफ्टवेअरनं आपणहून १:१ प्रमाणच द्यावं. जिओजेब्रा आणि डेस्मॉस उघडल्यावर तसंच मिळतं, शाळेसाठी ते योग्यच आहे. उलट पायथनमधलं मॅटप्लॉटलिब आकृती चौकटीत बसेल तशी ताणतं. तिथे वर्तुळ गोल दिसण्यासाठी वेगळी सूचना द्यावी लागते.

मग सगळीकडे १:१ च का नको? एक उदाहरण घेऊ. एक मूल दरमहा १०० रुपये साठवतं. १२ महिन्यांत १२०० रुपये होतात. १ महिन्याला १ सेमी आणि १ रुपयालाही १ सेमी घेतला, तर आलेख १२ सेमी रुंद आणि १२ मीटर उंच होईल! वर्गाच्या छतातून बाहेर जाईल. महिना आणि रुपया ही एककंच वेगळी, त्यामुळे ती सारख्या लांबीची दाखवण्यात काही अर्थ नाही. तिथे चढ-उतार नीट दिसणं महत्त्वाचं.

विल्यम क्लीव्हलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये याचाच अभ्यास मांडला. आलेखातले चढ-उतार साधारण ४५ अंशांच्या आसपास दिसले, तर त्यांची तुलना करणं डोळ्याला सोपं जातं. सौरडागांचा आलेख हे त्याचं गाजलेलं उदाहरण. तो खूप रुंद आणि कमी उंच काढला, की डाग झपाट्यानं वाढतात आणि सावकाश कमी होतात हे लक्षात येतं. उंच आलेखात ते कळत नाही.

म्हणजे नियम साधा आहे. दोन्ही अक्षांवर एकाच जातीच्या गोष्टी असतील तर एकक समान, वेगळ्या जातीच्या असतील तर वाचता येईल असं प्रमाण. आणि ताणलेलं असेल तर तसं ठळक लिहिलेलं हवं. आलेख कागदाच्या उजव्या कोपऱ्यात ‘प्रमाण’ लिहिलं नाही म्हणून आपण मुलांचे गुण कापतो. मग सॉफ्टवेअरला सूट कशाला?

आपल्या हातात काय आहे?

१. तास सुरू होण्याआधी पडद्यावरची एक चौकट पट्टीनं मोजा. लांबी-रुंदी सारखी आहे ना? कधीकधी सॉफ्टवेअर बरोबर असतं, पण टीव्हीच्या सेटिंगमुळे चित्र ताणलं जातं.

२. स्लाइडमध्ये आलेखाचं चित्र मोठं करताना कोपरा धरून ओढा, बाजू धरून नको.

३. सातवी-आठवीच्या मुलांना एकच वर्तुळ १:१ मध्ये आणि ताणून, असं दोन्ही प्रकारे दाखवा. “बदललं काय? वर्तुळ की प्रमाण?” एवढंच विचारा आणि मुलांना बोलू द्या.

हा शेवटचा प्रश्न मुलांना एकदा उमगला, की पुढे वर्तमानपत्रातला फुगवलेला आलेख बघतानाही ती आधी अक्षांवरचे आकडे वाचतील.