आधी जाळी, मग मशीन

कारंज्यात लग्नसराईची चाहूल लागली की स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांच्या दुकानात रात्रीसुद्धा दिवा जळतो, आणि या दिवसांत प्रत्येकाच्या मनात एकच विषय असतो: पहिलं ऑटोमॅटिक मशीन घ्यायचं का? माझं मत स्पष्ट आहे. घ्या, पण सगळ्यात शेवटी. मशीन स्क्विजी ओढतं, दाब सारखा ठेवतं, हाताला विसावा देतं; सैल पडलेली जाळी मात्र ते ताणत नाही, की अर्धवट एक्स्पोज झालेलं इमल्शन सुधारत नाही. रंगावर रंग नीट बसत नसेल, तर हाताने दहा कार्डं बिघडतात आणि मशीनवर कुणी ‘थांब’ म्हणेपर्यंत शंभर. शिवाय आपल्याकडची कामं कशी, तर दोनशे पत्रिका, पन्नास पिशव्या, मंडळाचे तीस टी-शर्ट. दर कामाला फ्रेम बदला, जुळवा, धुवा. त्यातच दिवस जातो आणि महागडं यंत्र नुसतं उभं राहतं. आधी हात, मग मोठं काम हा धडा जुनाच आहे: मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून मुद्रक गणपत कृष्णाजींनी आधी घरीच लाकडी यंत्र केलं, शाई स्वतः बनवली, हात बसवला. त्यानंतर १८३१ साली त्यांचं छापील पंचांग लोकांच्या हातात पडलं. (तो क्रम मला आजही पटतो.) म्हणून दुकानदार भावांनो, यंदा चांगल्या ताणाच्या फ्रेम, भरवशाचं एक्स्पोजिंग युनिट आणि जुळणीच्या पिना घ्या. हजार-हजार नगांची एकाच डिझाइनची कामं नियमित येऊ लागली, की मगच कर्जाच्या कागदावर सही करा.