गाडी आपली, कागद दुसऱ्याचा : हे आणखी किती दिवस?

कुठल्याही पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात एकदा जाऊन पाहा. टायर बसलेल्या रिक्षा, गवत उगवलेले टेम्पो, बॅटरी आणि आरसे गायब झालेल्या मोटारसायकली. कागदोपत्री हा 'मुद्देमाल'. प्रत्यक्षात ती कुणाची तरी रोजीरोटी आहे, आणि ती बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतल्या पोरांची असते. बड्यांची गाडी तिथे फार काळ सडताना आम्ही तरी पाहिलेली नाही.

आमच्या वस्तीतल्या एका तरुणाने जुना टेम्पो घेतला. आईचे डोरले मोडले, बचत गटाचे कर्ज काढले. व्यवहार झाला नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरवर. आरसी पहिल्या मालकाच्याच नावावर राहिली, त्यावर फायनान्स कंपनीचा बोजाही तसाच. पुढे एका गुन्ह्यात टेम्पो जप्त झाला. पोरगा चार महिने एका पुढाऱ्याच्या मागे फिरला. "साहेबांशी बोलतो," एवढेच उत्तर. शेवटी कोर्टात गेला, तर तिथे आधीच दोन अर्ज पडलेले होते : एक आरसीवरच्या मालकाचा, दुसरा फायनान्स कंपनीचा. पैसा याचा, घाम याचा आणि हक्क सांगणारे दुसरेच!

आम्हाला इथे महार वतन आठवते. राबायचे आम्ही आणि दप्तर दुसऱ्याच्या हातात. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, कारण कायद्याने बांधलेली गुलामी कायद्यानेच तोडावी लागते हे त्यांना ठाऊक होते. आणि त्यांचे अनुयायी म्हणवणारे आपण साध्या अर्जासाठी पुढाऱ्याच्या ओट्यावर बसतो!

कायदा काय सांगतो? 'सुंदरभाई अंबालाल देसाई' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच बजावले की जप्त वाहने ठाण्यात वर्षानुवर्षे ठेवण्यात काही अर्थ नाही. पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि ताबा द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये तर मुदतच घातली आहे : वस्तू न्यायालयापुढे आल्यापासून १४ दिवसांत तिचे विवरण, फोटो वा चित्रीकरण आणि त्यानंतर ३० दिवसांत तिची विल्हेवाट किंवा ताबा यांचा आदेश. वस्तू न्यायालयापुढे आणलीच नसेल तर कलम ५०३ आहे. मग गाड्या सडतात का? कारण अर्ज करणारा कुणी नसतो, आणि अर्ज केला नाही तर व्यवस्थेला घाई नसते.

पण एक फरक नीट समजून घ्या. सुपूर्दनाम्यावर मिळतो तो ताबा, मालकी नव्हे. गाडी विकायची नाही, तिच्यात बदल करायचा नाही, न्यायालय बोलावेल तेव्हा हजर करायची, अशा अटी असतात. मालकीचा खरा वाद दिवाणी न्यायालयात सुटतो. ताबा देताना न्यायालय साधारणपणे आरसीवरचे नाव पाहते. म्हणून स्टॅम्प पेपरवर विसंबणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे गाडी घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरण कळवायचे असते. फॉर्म २९ आणि ३० भरा, बोजा असेल तर तो उतरवून घ्या, मगच पैसे मोजा.

काही कार्यकर्ते म्हणतील, "हा वैयक्तिक प्रश्न आहे, यात चळवळ कुठे आली?" आम्ही विचारतो, पुतळ्याच्या प्रश्नावर हजार माणसे जमतात, ती जमलीच पाहिजेत, पण ज्या घराची चूल विझली त्या घरासाठी एक अर्ज लिहिणारा का मिळू नये? जयंतीच्या डीजेला वर्गणी निघते, मग पोराच्या बंधपत्राला जामीनदार का निघत नाही?

वकिलाला पैसे नाहीत ही सबबही चालणार नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते. तिथे जायला कुणा साहेबाची चिठ्ठी लागत नाही.

तेव्हा तरुणांनो, प्रत्येक विहारात दोन जण तरी असे तयार करा, ज्यांना जप्तीचा पंचनामा वाचता येतो आणि ताब्याचा अर्ज लिहिता येतो. रविवारच्या वंदनेनंतर वस्तीतल्या रिक्षा-टेम्पोवाल्यांची आरसी, विमा आणि बोजा तपासा. 'शिका' याचा अर्थ पदवीपुरता नाही. आपल्या घामाचा कागद आपल्या नावावर आणणे हेही शिकणेच आहे.

जय भीम! जय संविधान!