गोळी सुरू करणारे पुष्कळ, सोडवणारे कमी
अल्प्राझोलामची चिठ्ठी काउंटरवर आली की मी आधी तारीख बघतो. घडीवर फाटलेली, दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी पुढे करून माणूस म्हणतो, "काका, नेहमीचीच आहे, द्या ना." ही गोळी शेड्यूल एच-१ मधली. डॉक्टरचं नि पेशंटचं नाव रजिस्टरात लिहायचं, रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. मी नाही म्हटलं की तो पुढच्या दुकानात जातो. तिथे मिळते, हे आम्हा सगळ्या केमिस्टांना ठाऊक आहे.

पण माझी तक्रार नुसत्या विकणाऱ्यांबद्दल नाही.

मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं. ते मज्जापेशीवरच्या आपल्या जागी बसलं की क्लोराइड आत शिरतं आणि ती पेशी सहजासहजी पेटत नाही. हा आवर किती मोलाचा, ते धनुर्वातात दिसतं: त्या जंतूचं विष गाबा आणि ग्लायसिन बाहेरच पडू देत नाही, मग जबडा, पाठ, सगळं एकदम आवळतं. अल्प्राझोलाम गाबाचंच काम वाढवते, म्हणून झोप लागते. रोज घेतली की काही आठवड्यांत मेंदू सरावतो, गाबाला पूर्वीसारखी दाद देईनासा होतो.

आणि मग एक दिवस मुलगा "आईला व्यसन लागलंय" म्हणून पाकीट फेकून देतो. रात्रभर डोळे टक्क उघडे, हातांना कंप, धडधड; एखाद्याला थेट फिट येते. घरचे म्हणतात, दुखणं उलटलं. पुन्हा गोळी सुरू! दारू एकदम सोडणाऱ्याचं असंच होतं, कारण दारूही गाबाच्याच वाटेने काम करते. (दोन्ही एकत्र घेणाऱ्याचा श्वासच मंदावतो, पण हे दुकानात चारचौघांत विचारायचं कसं?)

म्हणून डॉक्टरांना माझं सांगणं आहे: गोळी लिहितानाच ती किती दिवस घ्यायची ते लिहा. लांबलीच, तर आठवडे-महिने लावून थोडी थोडी कशी उतरवायची तेही लिहा. पेशंटने ते माझ्याकडून ऐकावं, ही अपेक्षा चुकीची आहे. पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. सल्ल्याशिवाय घेणं धोक्याचं आणि चिठ्ठीशिवाय विकायची नाही, एवढंच त्यात आहे. एकदम बंद करण्याबद्दल त्यात एक शब्द नाही.